वरच्या आळीची सून

तमाम मराठी वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, उत्तर इंग्लंडातल्या थॉर्नबेक गावच्या वरच्या आळीने ओढ्याच्या काठाला साबण लावला नव्हता. कधीही नव्हता. काठ निसरडा होता तो शेवाळामुळे. याउपर जो कोणी साबणाचा विषय काढील त्याच्याशी बोलणे बंद करण्यात येईल.

हे निवेदन माझं नाही. मी थॉर्नबेक पाहिलेलंसुद्धा नाही. निवेदन आहे विलायतकाकूंचं, मी फक्त दवंडी पिटणारा. पण काकूंचा हुकूम त्या नसतानाही मोडायची माझी टाप नाही, म्हणून आधी दवंडी आणि मग काकू.

नव्वदच्या दशकात मी गल्फमध्ये, अल ऐनला, एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होतो. एका भर उन्हाळ्यात हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून तक्रार आली की, एसी गार करत नाही. बाहेर गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. दार उघडलं ते साडीवर लोकरीचा कार्डिगन घातलेल्या एका बाईंनी. आत गेलो तर माझ्या टेक्निशियनचे दात वाजायला लागले. मी अदबीनं हिंदीत म्हणालो, "मॅडम, ये घर का मशीन है, मच्छी के गोदाम का नहीं." बाईंनी माझ्या शर्टावरचं नाव वाचलं आणि शुद्ध मिरजेच्या मराठीत म्हणाल्या, "मराठी आहेस ना, सुधीर? मग बस. चहा घे. आमच्या गावात याला गार म्हणत नाहीत."

त्या दिवसापासून 'आमच्या गावात' हे दोन शब्द माझ्या आयुष्यात शिरले. काकूंचे यजमान, म्हणजे डॉक्टरकाका, तरुणपणी थॉर्नबेकच्या छोट्या इस्पितळात नोकरीला होते. बरीच वर्षं तिथे काढून दोघं अल ऐनला आली. डॉक्टरकाका ते गाव विमानतळावरच विसरून आले होते. काकू ते पदरात बांधून घेऊन आल्या. अल ऐनमधली मराठी माणसं जमली की, कोणी सातारा काढायचं, कोणी संगमनेर. काकू थॉर्नबेक काढायच्या, आणि तेही पार मराठी करून. तिथे वरची आळी होती, खालची आळी होती, मधून ओढा होता. युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाभोवतीचे बाक म्हणजे पार. उन्हाळ्यातली गावची जत्रा तर जत्राच. कोपऱ्यावरच्या मलबारी दुकानदाराला त्या 'लव्ह' म्हणून हाक मारायच्या, कारण त्यांच्या गावात भाजीवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे सगळ्यांना असंच म्हणतात. "लव्ह, कोथिंबीर ताजी आहे का?" बिचारा दुकानदार इकडेतिकडे बघत जुडी हातात द्यायचा आणि पैसे घ्यायचंही विसरायचा.

एका गणपतीला चिपळूणकडचा एक वेल्डर आला होता, नवीनच गल्फमध्ये आलेला. तो काकूंच्या शेजारी बसून डोंगर, धुकं, मेंढ्या, दगडी गडगे आणि पावसात भिजणारी जत्रेतली भजी असं सगळं ऐकत होता. भजी म्हणजे तिथली तळलेली मासळी, हे काकू सांगायच्या राहिल्या. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "काकू, अगदी आमच्यासारखाच हाय तुमचा गाव. एसटी कुठून लागते?"

"मँचेस्टरहून," काकू म्हणाल्या. "पण रविवारी नसते."

त्या पोरानं हातातला मोदक तसाच ताटात परत ठेवला.

आता कोणी म्हणेल, बाईंना गोऱ्यांचं कौतुक होतं. साफ चूक. राणी त्यांना आवडत नसे, लंडनला त्या 'बाजार' म्हणत. प्रेम होतं ते एका आळीवर, आणि त्याला कारण होतं. लग्न मिरजेत लागलं आणि आठवड्याच्या आत काकू विमानात बसल्या. सासरच्या गावी, कऱ्हाडजवळ, त्या पुढे सुटीतच गेल्या, पाहुण्यासारख्या. नवी नवरी म्हणून त्यांनी पहिला उंबरठा ओलांडला तो थॉर्नबेकच्या वरच्या आळीतला. शेजारी एडिथ नावाची म्हातारी राहायची. तिनं डॉक्टरकाकांना आधीच खोदून खोदून विचारलं होतं की, तुमच्यात नवरी घरात कशी येते. काकू पोचल्या तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि उंबऱ्यावर बिअरचा मोठा मग काठोकाठ तांदळानं भरून ठेवलेला होता. एडिथ छत्री धरून उभी. काकूंनी उजव्या पायानं माप ओलांडलं, तांदूळ थेट ओल्या रस्त्यावर गेले, आणि आळीतल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

"माझं माप एडिथनं ठेवलं," काकू म्हणायच्या. "मी वरच्या आळीची सून. माणूस जन्मतो कुठेही, त्यात त्याचं काय कर्तृत्व? नांदायला धमक लागते."

यावर त्यांची मुलगी मीनल, जन्म थॉर्नबेकचा पण वाढलेली अल ऐनला, हातातलं मासिक न ठेवता म्हणायची, "आई, सीरियसली. यू आर फ्रॉम मिरज. आय ॲम फ्रॉम हिअर."

"तू थॉर्नबेकची माहेरवाशीण आहेस. गप्प बस."

डॉक्टरकाकांना विचाराल तर त्यांच्या लेखी थॉर्नबेक म्हणजे पाऊस, उकडलेला कोबी, आणि तिथल्या लाँड्रीवालीनं धुऊन सैल करून टाकलेला त्यांचा एक उत्तम पायजमा. याहून जास्त ते बोलत नसत.

थॉर्नबेकच्या जत्रेत दोरीची ओढ असे. ओढ्याच्या अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची आळी, मध्ये दोर, आणि हरणारे पाण्यात. बायका, पुरुष, सगळे ओढत. काकूही पदर खोचून, पायात डॉक्टरकाकांचे क्रिकेटचे बूट चढवून दोराला लागत. वरची आळी सहसा जिंकायची. खालच्या आळीचं पिढ्यान्‌पिढ्या एकच रडगाणं होतं की, वरची माणसं आदल्या दिवशी येऊन आमच्या काठाला साबण फासतात. दवंडीचं मूळ ते हे. काकूंच्या घरात बसून कोणी हसत हसत जरी म्हणालं, "काकू, थोडा तरी साबण लावला असेल," तरी त्याच्या पुढ्यातली चकल्यांची बशी उचलली जाई.

आणि मग गावचा माणूस आला.

सुपरमार्केटमध्ये पावाच्या रॅकपाशी साठीकडे झुकलेला एक गोरा गृहस्थ पाव दाबून बघत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. काकू ट्रॉली सोडून तिथे धावल्या. ते बोलणं त्यांनी लाखात ओळखलं असतं. निघाला तो थॉर्नबेकच्या बेकरीवाल्याचा मुलगा, रॉन. खालच्या आळीचा. वयात आल्याबरोबर बोटीवर गेलेला, मग गल्फमधल्या एकेका शहरात नोकऱ्या करत आता अल ऐनच्या एका टेक्निकल स्कूलमध्ये शिकवायला आलेला. गावाकडे त्याचं जाणं फारसं झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी, कंपनीची पिकअप, काकू आणि बेसनाच्या लाडवांचा डबा असे त्याच्या दारात हजर. गाववाला आला म्हटल्यावर आपण दुसरं काय करणार?

रॉन माणूस चांगला. त्यानं लाडू खाल्ले, एडिथची चौकशी केली. काकू फुलून आल्या होत्या. "मी पण थॉर्नबेकचीच," त्या म्हणाल्या.

तो हसून म्हणाला, "राहत होता तुम्ही तिथे. पण मूळच्या कुठल्या?"

वाईट हेतू नव्हता त्याचा. पण परतताना पिकअपमध्ये मी एसी पूर्ण सोडला तरी काकूंनी कार्डिगन काढून मांडीवर ठेवला. तेव्हाच मला कळलं की, प्रकरण गंभीर आहे.

अल ऐनच्या इंग्रज मंडळींत तेव्हा एक छान प्रथा होती. थंडीत ते आपल्या हॉलमध्ये जमत आणि एकेक जण आपल्या गावाची हकिकत सांगे. जुने फोटो, कोणत्या दुकानाच्या जागी काय आलं, कोण कुठे राहायचं. त्या वर्षी रॉनची पाळी होती, आणि त्यानं दाराएवढ्या प्लायवुडवर थॉर्नबेकचा नकाशा काढायला घेतला होता. प्रत्येक घर, आणि घरावर घरवाल्याचं नाव. काकूंनी तो पाहिला. वरच्या आळीत, एडिथच्या शेजारी, त्यांचं घर होतं, अगदी पुढच्या दगडी पायरीसकट. वर नाव होतं त्यांच्याआधीच्या इंग्रज डॉक्टरचं.

"ते डॉक्टर वारले," काकू म्हणाल्या. "मग घर काय ओसाड पडलं होतं?"

रॉननं डोकं खाजवलं. "हा गावच्या घराण्यांचा नकाशा आहे. आमच्याकडे हे फार कडक असतं. माझी आई शेजारच्या दरीतून लग्न होऊन आली. शेवटपर्यंत तिला बाहेरचीच म्हणत."

"म्हणजे तिच्यावरही अन्यायच झाला. दोघींचा मिळून एकच अर्ज समजा."

त्यानं अर्ज दाखल करून घेतला नाही. मग काकूंनी मोहीम उघडली. दर गुरुवारी संध्याकाळी माझी पिकअप रॉनच्या दाराशी. काकू नकाशात चुका काढायच्या. चर्चची घंटा ओढणारा त्या घरात नाही, पलीकडच्या घरात. कासाराच्या दारात गुलाब नव्हता, ते जरदाळूचं झाड होतं आणि त्याला कधी फळ धरलं नाही. रॉन मुकाट्यानं खोडून दुरुस्त करायचा. थालीपीठ खायचा, तिळगूळ खायचा, काकूंच्या हातचं लिंबाचं लोणचं तर पावाला लावून खायचा. नावाचं काही काढायचा नाही.

"खातो सगळं, लिहीत काही नाही," काकू जिना उतरताना म्हणायच्या.

डॉक्टरकाका वैतागले. "खलास कर आता. एका लाकडाच्या फळीवर नाव आलं काय, न आलं काय. मिरजेच्या नकाशावर तरी आहे का तुझं नाव?"

"मिरजेनं माझं नाव खोडून दुसऱ्याचं घातलेलं नाही," काकू म्हणाल्या. "अहो, मी तिथे मूल जन्माला घातलं. एडिथला शेवटचं पाणी मी पाजलं. तुम्ही मला सांगताय फळी आहे म्हणून?"

डॉक्टरकाकांनी यावर वर्तमानपत्र उघडलं. मी पिकअपची किल्ली शोधायला लागलो.

पुढची संध्याकाळ सांगण्याआधी थोडं पुढचं सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जागा उरणार नाही. डॉक्टरकाका निवृत्त झाले तेव्हा दोघं पुण्याला गेली. पुण्याच्या फ्लॅटमध्येही काकू पंख्याखाली कार्डिगन घालून बसत आणि पुणेकरांना उकाड्याबद्दल दोष देत. मी अजून अल ऐनलाच आहे, आता माझी स्वतःची एसीची छोटी कंपनी आहे, आणि नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की, गिऱ्हाईक गार म्हणेल ते गार, मशीन काय म्हणतं ते विचारू नका. काकू शेवटच्या आजारात फार बोलत नसत. फोन केला की मीनल कानाशी धरायची. काकू घरचं, कामाचं, काही विचारायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "सुधीर, ते वाक्य म्हण रे." मी ते वाक्य म्हणायचो, अगदी रॉनच्या आवाजात, रॉनच्या हेलात. तिकडून खुदकन हसू यायचं. मग मीनल फोन घ्यायची, "थँक यू, दादा. शी इज हॅपी." काकू गेल्या त्या आठवड्यातही मी ते वाक्य म्हणालो होतो. आता म्हणायला कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तर ती संध्याकाळ. हॉल भरलेला. तिथला एसी मी स्वतः सकाळी जाऊन साफ केला होता, काकूंच्या आदेशावरून, त्यामुळे वातावरण थेट थॉर्नबेकचं. पहिल्या रांगेत काकू, कांजीवरमवर कार्डिगन. शेजारी डॉक्टरकाका, मीनल आणि मी. स्टेजवर नकाशा, आणि रॉनच्या हातात लांब काठी. काकूंच्या घरावर अजून मेलेले डॉक्टरच राहत होते.

रॉन बोलला मात्र सुंदर. बेकरीचा वास, बर्फात अडकलेली गाडी, पारावरची म्हातारी माणसं. मग आली दोरीची ओढ. त्यानं काठी ओढ्यावर टेकवली आणि म्हणाला, "आम्ही हरायचो, पण कसे हरायचो? वरच्या आळीची माणसं आमच्या काठाला साबण लावायची. उलट माझे वडील. आयुष्यभर खालच्या आळीच्या दोराला सर्वांत पुढे उभे राहिले. दोर सुटला तरी पाण्यात पडले नाहीत, बूटसुद्धा कधी भिजू दिला नाही. सरळ माणूस. साबणाचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नसता."

लोक हसले. काकू उभ्या राहिल्या.

"काकू, बसा," मी हळूच म्हणालो.

"तू गप्प. हा आमच्या गावातला प्रश्न आहे." आणि मग इंग्रजीत, मिरज आणि थॉर्नबेकच्या त्या अजब मिश्रणात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रॉन, साबण तुमच्या वडिलांनी आणला होता."

मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या.

"जत्रेचा दिवस. पहाटे मी दूध घ्यायला दार उघडलं, तर आमच्या काठावर, आमच्या, तुमचे वडील बादली घेऊन वाकलेले. बादलीत साबण. आधी काठाला लावला आणि मग त्यावरच पाय ठेवला. कमरेपर्यंत ओढ्यात. मीच हात देऊन बाहेर ओढलं. एवढा मोठा देह. आमच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी त्यांची पँट वाळत घातली, आणि तोवर यांचा पायजमा दिला नेसायला."

"अच्छा," डॉक्टरकाका मराठीत म्हणाले. "आणि मी त्या लाँड्रीवालीशी भांडून आलो होतो."

"मी पोहे केले. त्यांनी दोनदा घेतले. मला शपथ घातली की, मी आहे तोवर कोणाला सांगायचं नाही. ते होते तोवर मी नाही सांगितलं. यांनाही नाही. उलट त्याच दिवशी ते पलीकडून आमच्याच नावानं साबण साबण म्हणून ओरडले आणि मी दोर धरून ऐकून घेतलं. पण आज तुम्ही सगळ्या जगासमोर आमच्या आळीला नावं ठेवलीत."

रॉनचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे खोटं आहे," तो म्हणाला. "माझे वडील कोणाच्या घरी बसून खाणारे नव्हते."

"खाल्लं. आणि चहा बशीत ओतून प्यायले. आधी फुंकर, मग डोळे मिटून एक घोट, मग बशी गोल फिरवायची. मला माहेरची आठवण झाली."

रॉनची काठी खाली आली. मग अगदी हलक्या आवाजात त्यानं विचारलं, "बशीतून?"

"बशीतून."

"बाहेर ते कधीच असं प्यायचे नाहीत," तो म्हणाला. "आई त्यांना रागवायची. फक्त घरी प्यायचे." त्यानं नकाशाकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, काकूंच्या दगडी पायरीकडे पाहिलं. मला वाटलं, हा आता रडतो. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पर्समधला रुमाल काढला होता.

पण मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "म्हणजे रॉन, साबण खालच्या आळीचाच होता तर?" आणि सगळा हॉल खो खो हसत सुटला. रॉनच्या अंगात त्याचे वडील, त्यांचे वडील, सगळी खालची आळी एकदम उभी राहिली. त्यानं काठी उचलली, मिरजेत जन्मलेल्या, कार्डिगन घातलेल्या विलायतकाकूंवर रोखली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला:

"वरच्या आळीची माणसं ना तुम्ही! जन्मल्यापासून खोटारडी, एकजात सगळी!"